गॅसची शेगडी व तिची ज्योत

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यांत नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांला एक प्रश्न विचारला. त्याचे चुलते मुंबईस नोकरीला आहेत. त्यांच्या बिऱ्हाडीं नवी शेगडी आली, तेव्हां जुनी, परंतु अगदीं चांगल्या स्थितींतील, दोन बर्नरांची शेगडी त्यांनीं सुटींत गांवीं आणून दिली. घरच्या मंडळींनीं ती सिलिंडरास जोडली. ती पेटली खरी. पण ज्योत वीतभर उंच, पिवळी आणि वाऱ्यावरच्या पताकेसारखी फडफडणारी. दोन दिवसांत भाताचें पातेलें बाहेरून काजळासारखें काळें झालें. "सर, मुंबईस हीच शेगडी निळी जळत होती. गांवीं आल्यावर तिला काय झालें?"

उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, जाणता कारागीर पाहून जाईपर्यंत ती शेगडी कोणीं पेटवूं नये असा आमचा निरोप घरीं सांग. मग त्या एका प्रश्नावर वर्गाचे दोन तास खर्ची पडले. चाकरमान्यांच्या बिऱ्हाडांतील जुन्या वस्तु गांवच्या घरीं येणें ही आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत नित्याची गोष्ट आहे. हा प्रश्न दुसऱ्या कोणाच्याही घरीं उद्भवूं शकेल. सबब त्या दोन तासांतील विवेचन विद्यार्थ्यांकरितां व त्यांच्या पालकांकरितां येथें लिहून काढीत आहों.

प्रथम सिलिंडराकडे पाहूं. सिलिंडरांत गॅस असतो असें आपण म्हणतों, परंतु तो हलविला असतां आंत पाण्यासारखें कांहीं डुचमळतें. तें मुख्यत्वें प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचें मिश्रण असून दाबाखालीं त्यांचा द्रव झालेला असतो. नेहमींच्या घरगुती सिलिंडरांत असा १४.२ किलो द्रव भरतात. वरच्या मोकळ्या जागेंत त्याची वाफ जमते व तीच नळीवाटे शेगडीकडे जाते. या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो, आणि तो ऋतुमानाप्रमाणें बदलतो; वैशाखांत अधिक, पौषांत कमी. असा लहरी दाब थेट शेगडींत सोडला तर अनर्थ होईल. म्हणून सिलिंडराच्या तोंडावर रेग्युलेटर बसवितात. त्याच्या पोटांत रबराचा एक पातळ पडदा व एक स्प्रिंग असते. पुढच्या बाजूस दाब वाढूं लागला कीं पडदा स्प्रिंगेस रेटून वर उचलला जातो व गॅसची वाट आकसते. दाब उतरला कीं स्प्रिंग पडद्यास खालीं ढकलते व वाट रुंदावते. या दोघांच्या ओढाताणींतून जो गॅस बाहेर पडतो, त्याचा दाब भोंवतालच्या हवेहून अवघा एक फूट उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका अधिक असतो. आपल्या स्वयंपाकघरांतील सर्व खटाटोप या एवढ्याशा दाबावर चालतो.

आतां शेगडीकडे येऊं. इंधन जळतें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होतो. आजी चुलीपुढें बसून फुंकणीनें फुंकर घालते ती याचसाठीं. लोहाराचा भाताही तेंच काम करतो. मग गॅसच्या शेगडीस फुंकर कोण घालतें? सिलिंडर बंद करून, नळी काढून व वडील माणसांच्या देखत शेगडी उलटी करून पाहिली तर उत्तर सांपडतें. बटणाच्या मागून पितळेची एक लहानशी बोंडी निघालेली असते व तिच्या टोंकास सुईच्या अग्राएवढें छिद्र असतें. तिला जेट म्हणतात. जेटासमोर बर्नरकडे जाणाऱ्या एका नळीचें रुंद तोंड असतें. परंतु जेट व नळी यांचा सांधा घट्ट बंद केलेला नसतो, तेथें मुद्दाम उघडी जागा ठेवलेली असते. ही फट पाहून आमच्या वर्गांतील बहुतेकांस शेगडी मोडकी आहे असेंच वाटलें. खरें पाहतां सारी मेख त्या फटींत आहे.

जेटांतून गॅस वेगानें सुटतो, आणि वेगानें सुटलेला झोत आपल्या भोंवतालची हवा बरोबर ओढून नेतो. भरधाव एस.टी. गेली कीं रस्त्याच्या कडेचा पाचोळा तिच्यामागें धांवतो, तसाच हा प्रकार. नळींतून जातां जातां गॅस व हवा मिसळतात, तें मिश्रण बर्नरच्या टोपीखालीं जमतें व टोपीच्या छिद्रांतून बाहेर येऊन जळतें. म्हणजे येथें फुंकणी वेगळी नाहीं. गॅस आपली हवा आपणच ओढून घेतो. मात्र लागणारी सगळीच हवा कांहीं अशी आंतून मिळत नाहीं. राहिलेली ज्योत भोंवतालून घेते. म्हणून भांडें टेकण्याची लोखंडी तिवई काढून तें बर्नरवर दडपून ठेवणें बरें नव्हे.

ही युक्ति आमच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या परिचयाची आहे, फक्त त्यांना तिची ओळख पटलेली नसते. आपल्या प्रयोगशाळेंतील टेबलावर जो बुन्सेन बर्नर आहे, तो शेगडीचा थोरला भाऊच होय. जर्मनींतील हायडेलबर्ग येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांस प्रयोगासाठीं अशी ज्योत हवी होती कीं जी तापवील पुष्कळ, पण स्वतः उजेड पाडणार नाहीं. त्यांच्या विद्यापीठाचा उपकरणें बनविणारा कारागीर पीटर डेसागा यानें १८५५ सालीं तसा बर्नर घडविला. नांव प्राध्यापकांचें झालें; कारागीर बाजूलाच राहिला. या बर्नरच्या पायथ्याशीं एक फिरती कडी असते. ती फिरवून हवेचें भोंक बंद केलें कीं ज्योत पिवळी व लवलवती होते. त्या ज्योतीवर चिनी मातीची पांढरी बशी क्षणभर धरली तर तिच्यावर काजळीचा ठिपका उमटतो. कडी उघडली कीं ज्योत निळी होते, थोडा सुंसुं असा आवाज येतो, आणि बशी पांढरीच राहते. पिवळा रंग कशाचा? पुरेशी हवा न मिळाल्यामुळें न जळलेले कर्बाचे कण तापून चमकतात, त्यांचा. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या रस्त्यांवर दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे लागत, तेव्हां हेच चमकणारे कण लोकांस हवे होते. जी वस्तु दिव्यांत गुण ठरली तीच चुलींत अवगुण.

वर्गांत येथवर सर्वांस समजलें. परंतु मूळचा प्रश्न शिल्लक होता: मुंबईची शेगडी गांवीं येतांच तिला हवा कां पुरेना?

त्याचें उत्तर जेटाच्या छिद्रांत आहे. बटण फिरवून आपण गॅस कमीअधिक करतों हें खरें. पण अधिकांत अधिक किती गॅस यावा हें जेटाचें छिद्र ठरवितें. सिलिंडरच्या शेगडींत हें छिद्र बहुधा एक मिलिमीटराहूनही अरुंद असतें, आणि पुष्कळ जेटांवर मापाचा आंकडा कोरलेला असतो. आतां थोडें गणित करूं. समजा छिद्राचा व्यास ०.७० मिलिमीटर आहे आणि तो ०.८० झाला. वाढ डोळ्यांस दिसणारही नाहीं. परंतु गॅस जातो तो क्षेत्रफळांतून, व क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. ४९ चे ६४ झाले. म्हणजे केसाएवढ्या फरकानें जवळजवळ तीस टक्के गॅस अधिक सुटला. नळीचें तोंड व बर्नरचीं छिद्रें मात्र होतीं तेवढींच राहिलीं. वाढलेल्या गॅसास पुरेल इतकी हवा तीं कोठून आणणार?

मुंबईंत सिलिंडरचा गॅस प्रथम आला तो १९५५ सालीं. बर्मा-शेल कंपनीनें तो 'बर्शेन' या नांवानें विकावयास आणला. मागाहून, १९९५ सालीं महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली व तेथील घरोघरीं नळाचा गॅस जाऊं लागला. हा वायु निराळा. तो बहुतांशीं मिथेन असतो. एक घनफूट मिथेन पुरा जळण्यास सुमारें दहा घनफूट हवा लागते. तेवढ्याच प्रोपेनास चोवीस, आणि ब्युटेनास एकतीस. ज्यास हवा अधिक लागते तो उष्णताही अधिक देतो. तेव्हां नळाच्या गॅसवर तेवढीच उष्णता मिळवावयाची तर गॅस अधिक सोडला पाहिजे, व त्यासाठीं जेटाचें छिद्र मोठें असलें पाहिजे. दोन्हीं गॅसांचे दाब व वजनें हिशेबांत घेतलीं तर छिद्राचें क्षेत्रफळ सुमारें दुप्पट ठेवावें लागतें. आमच्या विद्यार्थ्याच्या चुलत्यांच्या घरीं नळाचा गॅस होता. त्यांच्या शेगडीस त्या मापाचीं जेटें बसविलेलीं होतीं, आणि गांवीं तींतून सिलिंडरचा गॅस सोडला गेला. दुप्पट इंधन आलें. हवा तिला ओढतां येईल तेवढीच आली. शेगडी बिघडलेली नव्हती. ती दुसऱ्याच अन्नाची होती.

याच्या उलट प्रकारही आपल्याकडे घडूं शकतो. मिथेन वायु आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. दाभोळच्या खाडीच्या मुखाशीं, गुहागर तालुक्यांत, परदेशांतून जहाजानें येणारा हा वायु उतरवून घेण्याचें बंदर आहे. तेथें पहिलें जहाज २०१३ सालीं आलें. उणें १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव केला म्हणजे त्याचें आकारमान सुमारें सहाशें पटींनीं घटतें, म्हणून तो जहाजांत मावतो. घरगुती नळाचें काम ज्या कंपनीकडे रत्नागिरी जिल्ह्यांत होतें, ती २०२४ सालीं मुंबईच्या महानगर गॅसनेंच विकत घेतली. ज्यांच्या घरीं सिलिंडर जाऊन नळ येईल, त्यांच्या शेगडीचीं जेटें बदलावीं लागतील. न बदललीं तर ज्योत बारीक व मरतुकडी होईल आणि लोक म्हणतील कीं नळाच्या गॅसमध्यें दम नाहीं. कांहीं कारागीर नवें जेट न घालतां जुनेंच कोरून मोठें करतात. हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. हातानें कोरलेलें छिद्र गोल व सरळ राहात नाहीं, झोत वांकडा जातो, व वांकडा झोत हवा नीट ओढीत नाहीं.

जेटाविषयीं आम्ही इतकें पोटतिडकीनें लिहितों त्यास एक घरचें कारण आहे. आमच्या लहानपणीं घरीं प्रायमस जातीचा स्टोव्ह होता. स्वीडनमधील लिंडक्विस्ट यानें १८९२ सालीं काढलेला हा स्टोव्ह रॉकेलची वाफ करून ती बारीक छिद्रांतून सोडतो. रॉकेलची काजळी त्या छिद्रांत बसते, म्हणून पत्र्याच्या मुठीची पिन जवळ बाळगावी लागते व भोंक वरचेवर साफ करावें लागतें. आमच्या मातोश्रींच्या हातीं ती पिन वीस वर्षें होती. पुढें गॅस आला. एके दिवशीं एक बर्नर मंद झाला. मातोश्रींनीं जुन्या संवयीनें जेट उघडलें, आणि स्टोव्हची पिन सांपडेना म्हणून गोधडी शिवण्याचें दाभण आंत घालून फिरविलें. ज्योत चांगली भडकली. त्यांस समाधान वाटलें, व आम्हां मुलांस तर दुप्पट, कारण चहा लौकर होऊं लागला. ज्योतीचीं टोंकें पिवळीं झालीं आहेत याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

तो आषाढ होता. तीन दिवस समुद्रावरून झड लागली होती. पश्चिमेच्या खिडक्या, मागील दार, सारें बंद; फटींत पोतीं कोंबलेलीं. आंघोळीच्या पाण्याचें मोठें भांडें तासन्‌तास शेगडीवर असे, आणि थंडीमुळें आजी स्वयंपाकघरांतच पाट घेऊन बसे. तिसऱ्या दिवशीं तिचें डोकें भयंकर दुखूं लागलें, ओकारी झाली व ती बसल्या जागींच कलंडली. वडिलांनीं आधीं मागील दार सताड उघडलें व तिला उचलून पडवींत आणलें. पावसाचे सपकारे अंगावर घेत अर्ध्या तासानें ती शुद्धीवर आली. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो चुलीसंबंधीं. ज्वलन अपुरें झालें कीं कार्बन डायऑक्साइडाबरोबर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निपजतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा विषारी वायु प्राणवायूपेक्षां कितीतरी घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो आणि आंत गुदमरत असतो.

दोन दिवसांनीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, जे पूर्वीं शेगड्या दुरुस्त करीत, पाहावयास आले. त्यांनीं जेट काढून उजेडासमोर धरलें.

"वहिनी, ह्यांत काय घातलंत?"

"दाभण. भोंक बुजलं होतं, भाऊजी."

"भोंक नव्हे हो, हें माप आहे. ह्याला सुई लावायची नाहीं. बुजलं तर फुंकून बघायचं, नाहींतर नवं आणायचं."

नव्या जेटास किती अल्प पैसे पडले हें ऐकून वडील कितीतरी वेळ गप्प बसले होते. आजी त्यानंतर पुष्कळ वर्षें आमच्यांत होती, परंतु शेगडी पेटलेली असतां ती स्वयंपाकघराची खिडकी कोणास लावूं देत नसे. पाऊस आंत आला तर खुशाल येऊं दे म्हणे.

आतां बटणाकडे वळूं, कारण त्याविषयींही एक गंमत आहे. पाण्याचा नळ जसजसा उघडावा तसतसें पाणी वाढतें. शेगडीचें बटण तसें नाहीं. तें आंत दाबून डावीकडे पाव फेरा फिरविलें कीं एकदम पूर्ण ज्योत लागते. आणखी पुढें फिरविलें कीं ती मंद होते. बटणाच्या आंत पितळेची निमुळती गुळी असते व तिच्यांत एक मोठें आणि एक अगदीं बारीक अशीं छिद्रें असतात. पाव फेऱ्यास मोठें छिद्र वाटेसमोर येतें, त्यापुढें बारीक. मंद ज्योत टोंकाला ठेवण्यांत शहाणपण आहे. पेटवितांना भरपूर गॅस व भरपूर हवा असते, त्यामुळें ज्योत चटकन धरते. आणि दूध मंद आंचेवर ठेवतांना बटण जरा अधिक फिरलें तरी शेगडी न कळत बंद होऊन पुन्हा उघडी राहण्याचें भय नसतें. शिवाय गॅस कमी झाला कीं झोत मंदावतो व हवाही त्याच मानानें कमी ओढली जाते. म्हणून बारीक ज्योतसुद्धां निळीच राहते. हवेची कडी वेगळी फिरवावी लागत नाहीं. ही सोय आम्हांस सर्व यंत्रांत सुंदर वाटते. गुळीभोंवतीं ग्रीस लावलेलें असतें. बटण कडक फिरूं लागलें तर तें सुकलें असें समजावें व पक्कड लावून जोर करूं नये.

बर्नरच्या टोपीचीं छिद्रें हा वेगळा विषय. तीं बुजतात तीं आपल्या पेजेमुळें. सकाळीं पेज उतूं गेली कीं तिचा पापुद्रा छिद्रांवर वाळतो, ज्योत एका बाजूस उंच व दुसरीस नाहींशी होते. ही टोपी गार झाल्यावर काढून गरम पाण्यांत घासावी, छिद्रांत काडी किंवा पिन घालण्यास हरकत नाहीं, आणि पुरी वाळल्यावर नीट सपाट बसवावी. तिरकी बसली तर फटीकडून ज्योत आंत शिरते व नळींत भक्‌ असा आवाज होतो. तसें झाल्यास लगेच बंद करावें. पावसाळ्यांत न वापरलेल्या बर्नरच्या नळींत झुरळें शिरतात, कोळी जाळीं विणतात. हवेची वाट अडते आणि ज्योत पुन्हा पिवळी. तेव्हां दोष नेहमीं जेटाचाच असतो असें नाहीं. टोपीवर पिन चालते, जेटावर चालत नाहीं, एवढा भेद घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावा.

गळतीसंबंधीं एक गोष्ट पालकांसाठीं. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, उंबऱ्याशीं व मोरींत साठतो. नळाचा मिथेन हवेहून हलका. तो माळ्याकडे चढतो. दोघांनाही स्वतःचा वास नसतो. जो उग्र वास येतो तो आपल्यास कळावें म्हणून मुद्दाम मिसळलेल्या पदार्थाचा. वास आला कीं दिव्याच्या बटणास हात लावूं नये, काडी ओढूं नये, सिलिंडर बंद करून दारेंखिडक्या उघडाव्या व सर्वांनीं बाहेर यावें. सिलिंडरच्या गळतीची खबर देण्यास १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. रबरी नळीवर तिची मुदत छापलेली असते. ती पाहण्याची तसदी आपल्यापैकीं किती जण घेतात?

आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं दुसऱ्या आठवड्यांत गॅस एजन्सीचा कारागीर आला. त्यानें दोन्हीं जेटें काढून सिलिंडरच्या मापाचीं नवीं बसविलीं. काम अर्ध्या तासाचें होतें. ज्योत निळी झाली. पातेलें मात्र त्याच्या आईस राखेनें तीन वेळां घासावें लागलें. काढलेलीं जेटें त्यानें कागदाच्या पुडींत बांधून शाळेंत आणून दिलीं. तींतलें एक, आणि शेजारीं सिलिंडरच्या शेगडीचें एक, अशीं दोन्हीं आम्हीं प्रयोगशाळेंतील कांचेच्या कपाटांत बुन्सेन बर्नरच्या बाजूस ठेवलीं आहेत. भिंगही तेथेंच आहे. मधल्या सुटींत कोणीही येऊन तीं उजेडासमोर धरून पाहावीं.